राऊटर टेबलाला मोटार कोणती?



नगरच्या एमआयडीसीत विजेच्या मोटारी तयार होतात, हे आपल्या वस्त्यांतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. क्रॉम्प्टन ग्रीव्हज, म्हणजे आताची सीजी पॉवर, हिचा मोटारींचा कारखाना इथलाच. मोटारी आणि लायनी चालू-बंद करणारी स्विचगिअरची सामग्री बनवणारा लार्सन अँड टुब्रोचा कारखानाही इथलाच; तो २०२० साली श्नायडर कंपनीकडे गेला. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी एमआयडीसीच्या पाळीला जाणारा माणूस अजून ‘नगरला चाललो’ असेच म्हणतो. या कारखान्यांत कंत्राटी पाळ्या केलेली माणसे आपल्या गल्लीगल्लीत सापडतील.

आणि तरीही, सुतारकामाची छोटी शेड टाकणारा आपला पोरगा मोटार घ्यायला बाजारात गेला, की दुकानदार एकच प्रश्न विचारतो, “भाऊ, किती घोड्यांची देऊ?” पोरगा खिसा चाचपतो, मनाशी हिशेब करतो आणि म्हणतो, “दोन घोड्यांची द्या.” सौदा तिथेच ठरतो. तो प्रश्नच चुकीचा आहे. राऊटर टेबलाच्या बाबतीत पहिला प्रश्न घोड्यांचा नसून फेऱ्यांचा आहे आणि दुसरा प्रश्न बटणाचा आहे. आजचे आमचे सदर या दोन प्रश्नांवर आहे.

आम्ही पेशाने कारकून. रंधा आमच्या हातात शोभत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण कर्जाच्या अर्जाला जोडायचे प्रकल्प अहवाल आमच्याकडून लिहून घ्यायला तरुण येतात. त्यांची कोटेशने वाचता वाचता, मिस्त्रींच्या शेडमध्ये आणि मोटार रिवायंडिंगवाल्याच्या बाकड्यावर बसून जे समजले, जे तपासून पाहिले, तेच इथे लिहीत आहोत.

बलुतेदारीच्या काळात सुतारकी जातीत बांधलेली होती. सुताराच्या पोराला कोणत्या कामाला कोणते हत्यार, हे बापाच्या मांडीवर बसून कळायचे. आयटीआयच्या एक वर्षाच्या कारपेंटर ट्रेडने ते दार आपल्यासाठी उघडले आणि आपली मुले त्यातून आत गेली. हात शिकला, सर्टिफिकेट मिळाले. पण घरात सांगणारा कोणी नाही. म्हणून ज्याला माल खपवायचा आहे तोच आपल्या पोराचा गुरू होऊन बसतो. या फटीतून पैसा जातो आणि कधी कधी बोटेही जातात.

आता ज्या भगिनींना हे यंत्र माहीत नसेल, त्यांच्यासाठी चार ओळी. हातात धरून चालवायचे राऊटर मशीन असते. त्याच्या तोंडाला बिट नावाचे पाते लावले, की लाकडात खाच पडते, कडेला गोलाई येते, पट्टीवर मोल्डिंगची नक्षी उतरते. तेच मशीन टेबलाखाली उलटे टांगले, बिट टेबलाच्या भोकातून वर काढले आणि लाकूड हाताने त्याच्याजवळून सरकवले, की झाले राऊटर टेबल. चौकटीची पट्टी, शोकेसची कड, फोटोची फ्रेम अशी लांब आणि अरुंद कामे त्यावर भराभर होतात. १४ एप्रिल जवळ आला की बाबासाहेबांच्या फोटोच्या फ्रेमा मागायला लोक येतात. हाताच्या रंध्याने दोन दिवस खाणारी पट्टी टेबलावर काही तासांत निघते. धंद्याला उपयोगाचे यंत्र आहे, यात शंका नाही.

तर फेरे. बिटाची धार लाकूड नीट कापते ती जोरामुळे कमी आणि वेगामुळे जास्त. हिशेब साधा आहे. दोन धारांचे बिट मिनिटाला २० हजार फेरे फिरले, तर ते मिनिटात ४० हजार चावे घेते. आपण लाकूड मिनिटाला ३ मीटर सरकवले, तर एका चाव्याला ०.०७५ मिलिमीटर लाकूड येते. म्हणजे जवळजवळ वहीच्या कागदाच्या जाडीएवढे. काप गुळगुळीत येतो, नंतर पॉलिशपेपर फिरवला की पुरे. आता तेच बिट पिठाच्या गिरणीच्या किंवा पंपाच्या मोटारीला लावा. आपल्याकडे वीज ५० सायकलची. त्यावर ही साधी इंडक्शन मोटार मिनिटाला ३ हजार फेऱ्यांच्या पलीकडे जाऊच शकत नाही. दोन पोलची मोटार प्रत्यक्षात साधारण २८८० फेरे देते, चार पोलची १४४०. मग चावे होतात ५७६० आणि प्रत्येक चाव्याला अर्धा मिलिमीटरहून जास्त लाकूड येते. ते कापले जात नाही, उपटले जाते. कडेच्या ढलप्या निघतात, गाठ आली की लाकूड हिसका मारून मागे येते. त्या लाकडाच्या मागे आपला हात असतो.

घोडे वाढवून हे सुधारत नाही. पाच घोड्यांची मोटार लावली तरी फेरे तेवढेच राहतात, फक्त हिसका पाचपट जोराचा होतो.

आणखी एक प्रकार आम्ही पाहिला आहे, तो तर अंगावर काटा आणणारा. गिरणीच्या मोटारीच्या शाफ्टला ड्रिलचा चक बसवायचा आणि त्यात राऊटरचे बिट आवळायचे. ड्रिलचा चक सरळ खाली दाबण्यासाठी केलेला असतो, बाजूने रेटा सोसण्यासाठी नव्हे. अनेक चक नुसत्या निमुळत्या बसणीवर घट्ट बसलेले असतात. बाजूचा रेटा आणि थरथर मिळाली की ते सुटतात. फिरता चक सुटला तर तो कुठे जाईल हे सांगता येत नाही. बिट धरायला कोलेटच हवा, दुसरे काही चालणार नाही.

राऊटर मशीनमध्ये वेगळ्या जातीची मोटार असते. तिला कार्बन ब्रश असतात. मिक्सरमध्ये आणि ड्रिल मशीनमध्ये असते तीच जात. तिचा वेग विजेच्या सायकलींना बांधलेला नसतो, म्हणून ती आकाराने लहान असूनही २०-२४ हजार फेरे फिरते. तिच्या पाटीवर घोड्यांऐवजी वॅट लिहिलेले असतात आणि इथे दुसरी फसवणूक होते. एक घोडा म्हणजे ७४६ वॅट. दुकानदार १६०० वॅटचे मशीन दाखवून म्हणतो, “हे दोन घोड्यांहून जास्त आहे.” पण राऊटरवरचे वॅट हे मशीन वीज किती ओढते त्याचे असतात. गिरणीच्या मोटारीवरचा आकडा ती शाफ्टवर काम किती देते त्याचा असतो. ब्रशच्या मोटारीत ओढलेल्या विजेतील साधारण साठ-पासष्ट टक्केच काम बाहेर येते, बाकी उष्णता आणि आवाज. म्हणजे ते १६०० वॅटचे मशीन खरे तर सव्वा-दीड घोड्याचे. वाणिज्य शाखेच्या माणसाला हे लगेच पटते, कारण उलाढाल वेगळी आणि नफा वेगळा.

सव्वा-दीड घोडा पुरतो का? पुरतो. अट एकच की एका दमात सगळी खोली कापायची नाही. बारा मिलिमीटर खोल खाच पाडायची असेल तर तीन-तीन मिलिमीटर करून चार वेळा लाकूड फिरवायचे. ज्याला घाई आहे त्याला तीन घोडे लागतात.

फेरे जास्त हवेत, हे खरे. पण ते बिटाच्या आकाराप्रमाणे कमीही करता आले पाहिजेत. १२ किंवा २५ मिलिमीटरचे बिट २२-२४ हजारांवर चालते. २५ मिलिमीटरच्या बिटाची कड २४ हजार फेऱ्यांवर सेकंदाला ३१ मीटर धावते, म्हणजे ताशी ११३ किलोमीटर. ५० मिलिमीटरचे बिट त्याच फेऱ्यांवर फिरवले तर कड ताशी २२६ किलोमीटरने धावेल. त्या वेगाला ते केलेलेच नाही. ५० मिलिमीटरला १६ ते १८ हजार फेरे पुष्कळ झाले आणि दाराच्या पॅनेलचे ७५ मिलिमीटरचे बिट असेल तर १० ते १२ हजार. बिटाच्या दांड्यावर किंवा डबीवर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात, ते आधी वाचावेत. म्हणून टेबलासाठी राऊटर घेताना फेरे कमी-जास्त करणारी चकती असलेलाच घ्यावा. स्वस्तातल्या बऱ्याच मशीनना ती नसते. पंख्याचा रेग्युलेटर जोडून हे काम भागवू नये. तो एवढा विद्युतप्रवाह सोसत नाही, जळतो.

बिटाच्या दांड्याबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बारा मिलिमीटरचा आणि अर्ध्या इंचाचा दांडा डोळ्यांना सारखे दिसतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. बारा मिलिमीटरचे बिट अर्ध्या इंचाच्या कोलेटमध्ये कितीही आवळले तरी ते सरकते आणि चालता चालता वर येते. तसेच सहा मिलिमीटर आणि पाव इंचाचे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. कोलेट आणि बिटे एकाच मापाची घ्यावीत आणि बिटे उसनी आणताना माप विचारावे.

मग गिरणीच्या मोटारीला काहीच जागा नाही का? आहे. ज्याला दिवसभर एकाच नमुन्याची मोल्डिंग पट्टी काढायची आहे, त्याने मोटारीच्या शाफ्टवर बिट न लावता वेगळा स्पिंडल बेअरिंगमध्ये बसवून तो पट्ट्याने फिरवावा. मोटारीवर सहा इंची पुली आणि स्पिंडलवर तीन इंची, म्हणजे २८८० चे ५७६० फेरे होतात. एवढे फेरे लहान बिटांना कमी पडतात, पण शंभर मिलिमीटरच्या मोठ्या कटरला बरोबर पुरतात. त्याची कड सेकंदाला ३० मीटर धावते. मोठ्या फर्निचर कारखान्यांतले स्पिंडल मोल्डर याच रीतीने चालते. अशी मोटार दिवसभर चालून दमत नाही, ब्रश बदलावे लागत नाहीत आणि आवाज पुष्कळ कमी असतो. ती बंद अंगाची, बाहेरून पंखा असलेली घ्यावी. उघड्या जाळीच्या जुन्या मोटारीत भुसा भरतो आणि गरम वेटोळ्यांवर बसतो. पुढे काय होते ते सांगायला नको. पट्टा आणि पुल्या पत्र्याच्या पेटीत झाकाव्यात. पण यासाठी दोन घोड्यांची तीन फेजची मोटार आणि तीन फेजचे कनेक्शन लागते. नुकती शेड टाकलेल्याने यात पडू नये, असे आमचे मत आहे.

हल्ली कोणी कोणी सांगतात की ड्राइव्ह नावाची पेटी लावा, मोटार हवी तेवढी पळेल. ड्राइव्ह विजेच्या सायकली वाढवतो, हे खरे. ५० च्या ४०० सायकली केल्या तर दोन पोलच्या मोटारीचे हिशेबाने २४ हजार फेरे होतात. पण त्या वेगासाठी रोटर आणि बेअरिंग मुद्दाम केलेली स्पिंडल मोटार वेगळी मिळते, कॉम्प्युटरच्या सीएनसी मशीनवर असते ती. गिरणीच्या साध्या मोटारीला इतके पळवले तर तिची बेअरिंगे आणि रोटर ते सोसणार नाहीत. स्पिंडल मोटार आणि तिचा ड्राइव्ह यांचा जोड उत्तम चालतो, आवाजही गोड. किंमत मात्र पहिल्या कर्जात बसणारी नसते.

सारांशाने नव्हे, तर सरळच सांगतो. एकट्याने किंवा भावाला जोडीला घेऊन शेड चालवणाऱ्याने १६०० ते २००० वॅटचे, फेरे कमी-जास्त होणारे, अर्ध्या इंचाच्या कोलेटचे राऊटर मशीन घ्यावे. ते नगरमध्ये दुरुस्त होते का, त्याचे कार्बन ब्रश आणि कोलेट सुटे मिळतात का, हे दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी विचारावे. सुट्या भागांसाठी पुण्याला खेप घालावी लागली तर त्या दिवसाची मजुरी गेली. सनमायका कापायचा छोटा ट्रिमर बहुतेकांकडे असतोच. तो टेबलाला लावून बारीक गोलाईपुरता चालतो, पण त्यावर मोठे बिट लावू नये.

आता बटणाचा प्रश्न. आमच्या मते तो मोटारीहूनही मोठा आहे.

राऊटर मशीनला हाताच्या मुठीत खटका असतो. मशीन टेबलाखाली उलटे टांगले, की तिथे हात पोचत नाही. मग काय करतात? खटका दाबून चिकटपट्टीने किंवा सुतळीने बांधून टाकतात आणि भिंतीवरच्या बटणाने मशीन चालवतात. भारनियमनाचे दिवस आठवा. आजही वादळवारा सुटला, ट्रान्सफॉर्मर उडाला, की लाइट जातेच. लाइट गेली. पोरगा म्हणतो, आता आली की बघू, तोवर बिट बदलून घेऊ. भिंतीवरचे बटण चालूच राहिलेले असते. तो टेबलाखाली वाकतो, पाना कोलेटला लावतो, दुसऱ्या हाताने बिट धरतो आणि त्याच घडीला लाइट येते. मशीन क्षणात पूर्ण वेगाने फिरू लागते. पुढचे आम्ही लिहीत नाही.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. शेतातल्या विहिरीवरच्या पंपाला हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर असतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. लाइट गेली की त्याच्या आतली चुंबकाची कॉइल सुटते आणि संपर्क तुटतो. लाइट परत आली तरी हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय पंप चालू होत नाही. पुष्कळ शेतकरी त्यावर ऑटो बसवतात, कारण पाणी आपोआप सुरू व्हावे. लाकडाच्या मशीनला ते ऑटो कधीही बसवू नये. राऊटर टेबलाला असाच सिंगल फेजचा, २३० व्होल्टच्या कॉइलचा स्टार्टर लावावा. त्यातला ओव्हरलोडचा काटा मशीनच्या पाटीवरच्या अँपिअरवर ठेवावा. १६०० वॅटचे मशीन साधारण ७ अँपिअर घेते, तेव्हा रिले त्या मापाचा हवा. पाच घोड्यांच्या पंपाचा जुना स्टार्टर आणून लावला तर तो ओव्हरलोडला उडणारच नाही. लाल बटण टेबलाच्या पुढच्या कडेला, गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल असे असावे. दोन्ही हातांत लाकूड असताना तिसरा हात कुठून आणणार?

आणि हे सगळे करूनही बिट बदलताना प्लग सॉकेटमधून बाहेर काढून डोळ्यांसमोर ठेवावा. स्टार्टर हा यंत्राचा भाग आहे आणि यंत्र बिघडू शकते. तीन माणसांच्या शेडमध्ये तपासायला कोणी इन्स्पेक्टर येत नाही. घरातल्या मंडळींनी, म्हणजे आईने, बायकोने, बहिणीने, शेडमध्ये डबा घेऊन गेल्यावर एवढे एक पाहावे की बिटाला हात लागला आहे आणि प्लग कुठे आहे. त्यासाठी मिस्त्री असावे लागत नाही.

वायरिंगचे थोडक्यात. सात अँपिअर म्हणजे घरातल्या पंख्या-टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डाचे काम नव्हे. तो तापतो, प्लग काळा पडतो. मोठ्या पिनांचे १५-१६ अँपिअरचे सॉकेट, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, खरी अर्थिंग आणि गळती झाली की तुटणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर, एवढे हवेच. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडते. कमी व्होल्टेजला ब्रशच्या मोटारीचा वेग आणि जोर उतरतो, ते आवाजावरून कळते, काम थांबवावे. गिरणीच्या मोटारीचे उलटे आहे. तिचा वेग फारसा उतरत नाही, ती गुपचूप जास्त विद्युतप्रवाह ओढते आणि आतून जळते. तीन फेजवाल्यांसाठी एक खास सूचना. लाईनचे किंवा ट्रान्सफॉर्मरचे काम झाल्यावर कधी कधी फेजांची अदलाबदल होते आणि मोटार उलटी फिरते. पंप उलटा फिरला तर पाणी येत नाही एवढेच. स्पिंडल उलटा फिरला तर त्याचा नट ढिला होऊ शकतो आणि लाकूड हातातून ओढले जाते. म्हणून लाईनचे काम झाले की लाकूड लावण्यापूर्वी मोटार क्षणभर चालू-बंद करून फिरण्याची दिशा पाहावी. उलटी असेल तर दोन फेजांच्या वायरी आपसात बदलल्या की दिशा सुधारते. घरच्या मीटरवरून शेड चालवण्यापूर्वी महावितरणच्या कचेरीत जाऊन कनेक्शनचा प्रकार विचारून घ्यावा, नंतरच्या दंडापेक्षा ती खेप परवडते.

बसवणी. टेबलाची उंची कमरेएवढी, साधारण तीन फूट. वरची फळी दोन प्लाय एकमेकांना चिकटवून जाड करावी, वर सनमायका लावावा. फळीला मध्ये चौकोनी खिडकी पाडून तिच्यात हायलमची किंवा अ‍ॅल्युमिनियमची सहा ते दहा मिलिमीटर जाड प्लेट बसवावी. प्लेट आणि फळी बोट फिरवून एकसारखी लागली पाहिजे, नाहीतर लाकूड तिथे अडकते आणि नेमके बिटासमोर अडकते. राऊटरची प्लास्टिकची तळपट्टी काढली की तिच्या स्क्रूची भोके दिसतात. तीच भोके प्लेटवर उतरवून, स्क्रूची डोकी प्लेटमध्ये बुडवून मशीन आवळावे. पाच-सहा किलोचे वजन त्या स्क्रूंवर उलटे टांगलेले असते, म्हणून आठवड्याला एकदा पाना लावून पाहावे. बिट कोलेटमध्ये तळाला टेकेपर्यंत घालावे, मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढून आवळावे. तळाला टेकलेले बिट आवळताना नीट पकडले जात नाही.

उलट्या टांगलेल्या मशीनमध्ये वरून भुसा पडतो. रोज संध्याकाळी प्लग काढून हवेने झाडावे. बिटाच्या मागे आडपट्टी लावतात, तिला पाठीमागून भोक पाडून भुसा ओढणारा पाइप लावला तर मशीनही वाचते आणि छातीही. लाकडाच्या भुकटीमुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केले आहे. तोंडाला साधा रुमाल बांधून बारीक भुकटी थांबत नाही, चांगला मास्क हवा. कानात बोळे हवेत. गळ्यातला निळा रुमाल मात्र काम करताना खुंटीला टांगलेला बरा. सैल कापड आणि हातमोजे फिरत्या बिटाजवळ नकोत.

पैशाबद्दल विचारणारे पुष्कळ आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ कामांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाऊचर आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. नोंदणी सीएससी केंद्रावर होते, कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. आपले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहेच. त्याच्या जिल्हा कार्यालयात बीज भांडवलाची चौकशी करावी. आमचा अनुभव असा की अहवालात मुले फक्त मशीनची किंमत लिहितात. स्टार्टर, वायरिंग, अर्थिंग, दोन चांगली बिटे, ब्रशचा एक जादा जोड, मास्क हे सगळे त्याच अहवालात लिहावे. कर्ज मंजूर झाल्यावर या गोष्टी खिशातून घ्यायच्या म्हटले की त्या कधीच घेतल्या जात नाहीत आणि खटक्याला सुतळी बांधली जाते. विजेच्या बिलाची काळजी मात्र फार करू नये. १६०० वॅटचे मशीन पूर्ण जोराने तासभर चालले तरी १.६ युनिट, प्रत्यक्षात निम्मा वेळ लाकूड बदलण्यात जातो.

जुनी मोटार घेणाऱ्यांना एवढेच सांगतो की हाताने शाफ्ट फिरवून पाहा, बाजूला हलवून पाहा, आणि पाटी खरवडलेली किंवा नसलेली असेल तर ती मोटार घेऊ नका. अँपिअर ठाऊक नसतील तर ओव्हरलोडचा काटा कशावर ठेवणार?

मशीन बसल्यावर पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाचे सागवान लावू नका. आधी बिट न लावता, कोलेटचा नट काढून किंवा मशीनच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, कमी फेऱ्यांवर दहा मिनिटे चालवा. थरथर वाटली, घरघर आली किंवा ब्रशजवळ ठिणग्यांचे मोठे कडे दिसले तर बंद करून दुकानात न्या, वॉरंटीचे कार्ड सोबत ठेवा. मग लहान बिट लावा. निंबाचा किंवा बाभळीचा भंगार तुकडा घ्या, आडपट्टी आपल्यापासून पलीकडे असू द्या आणि लाकूड उजवीकडून डावीकडे, म्हणजे बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध, सरकवा. बोटांऐवजी ढकलकाठी वापरा. एक तुकडा झाला की लाल बटण दाबा, मशीन चालू असतानाच मेन स्विच पाडून पुन्हा वर करून पाहा. मशीन गप्प राहिले, तर दुसरा तुकडा घ्या. आपोआप फिरू लागले, तर इलेक्ट्रिशियनला परत बोलवा आणि त्याची मजुरी तोवर देऊ नका.